तीन ओळींची फाईल

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. शाळेत गाईडातली उत्तरे जशीच्या तशी उतरवून मी इथवर आले. 'व्हिम' या मजकूर-संपादकाच्या बाबतीतही तेच करायला गेले आणि फसले.

१९७६ च्या सुमारास बर्कली विद्यापीठात बिल जॉय यांनी 'व्हीआय' हा संपादक लिहिला. त्यांच्या एडीएम-३ए टर्मिनलवर एच, जे, के, एल याच कळांवर बाण छापलेले होते. म्हणून आजही त्या कळांनी कर्सर डावीकडे, खाली, वर, उजवीकडे सरकतो. ब्राम मूलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला 'व्हिम' हा त्याच वळणाचा. त्यात कळा एका अवस्थेत हुकूम देतात, दुसरीत अक्षरे उमटवतात. 'आय' दाबले की लेखन सुरू, 'एस्केप' दाबले की पुन्हा हुकूम.

आपल्या सोयी 'व्हिमआरसी' नावाच्या साध्या फाईलीत लिहायच्या. व्हिम उघडताना ती वाचतो. वरच्या वर्गातल्या एकाची लांबलचक फाईल मी उतरवून घेतली. आजीच्या ओव्या टंकताना कळा भलतेच करू लागल्या. कोणती ओळ कशासाठी, हे ठाऊकच नव्हते. एक ओळ इंग्रजीतली लहान-मोठी अक्षरे शोधताना सारखी मानण्यासाठी होती. मराठीत तो भेदच नाही! अखेर सगळी फाईल पुसली.

मग अडचण येईल तशी एकेक ओळ लिहिली. 'सेट नंबर'ने ओळींना क्रमांक आले. 'सेट लाइनब्रेक'ने पडद्याच्या कडेला शब्द मध्येच तुटेनासा झाला. तिसरी अडचण खास मराठीची. इन्स्क्रिप्ट कळफलक चालू असला की 'जे'च्या कळेतून 'र' निघतो आणि व्हिमला हुकूम कळत नाही. त्यावर 'लँगमॅप' हा उपाय. त्यात मी सांगितले : प म्हणजे एच, र म्हणजे जे, क म्हणजे के, त म्हणजे एल, ग म्हणजे आय. आता कळफलक न बदलता 'र' दाबून ओवीवरून ओवीवर उतरता येते.

ओळीच्या आरंभी दुहेरी अवतरणचिन्ह दिले की व्हिम ती सोडून देतो. ती माणसांसाठी उरते. प्रत्येक सेटिंगच्या वर अशा ओळीत मी तिचे कारण मराठीत लिहिले आहे.

हल्ली मैत्रिणी माझी फाईल मागतात. मी देते, पण आधी विचारते, "तुझी अडचण कोणती?"

— द्वितीय वर्ष, कला