धाव मोजायला मोबाइल पुरतो!

मंडळी, आपल्या जालन्याच्या विजय झोलने २०११ मध्ये कूचबिहार ट्रॉफी या क्रिकेट स्पर्धेत आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. पण तो किती पळाला, हे स्कोअरकार्ड सांगत नाही. क्रीज ते क्रीज अंतर १७.६८ मीटर. तीन धावा म्हणजे पॅड बांधून ५३ मीटर आणि मध्ये दोनदा थांबून वळणं. खरा दम त्या वळण्यातच जातो.

धावणं मोजायला मोठे संघ खेळाडूंना पाठीवर जीपीएस यंत्र असलेलं जॅकेट घालतात. आपल्याला मोबाइल पुरतो: ३० मीटर आखायचे, शेवटच्या १० मीटरच्या दोन्ही टोकांना काठ्या रोवायच्या आणि बाजूने सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये शूट करायचं. काठ्या धावणाऱ्याच्या अगदी लगत हव्यात, नाहीतर तिरप्या कोनामुळे वेळ चुकते. खेळाडूची कंबर पहिली काठी ओलांडल्यापासून दुसरी ओलांडेपर्यंतच्या फ्रेम मोजा. ३०० आल्या तर १.२५ सेकंद, म्हणजे ताशी २८.८ किलोमीटर!

खो-खो, कबड्डीवाल्यांनी मात्र सरळ धावेपेक्षा ५ मीटर जाऊन वळून परत येण्याची वेळ मोजावी. तिथे सामना तेवढ्याच जागेत ठरतो.

प्रशिक्षकांनो, दर महिन्याला त्याच मैदानावर, सकाळच्या त्याच वेळी मोजा आणि आकडे वहीत लिहून ठेवा.