इंदूरचे पोहे आणि न करमणं

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या क्लासेसच्या गल्ल्यांत जळगाव-भुसावळकडची मुलं बॅगा घेऊन उतरतात. सोबत आलेल्या आईबाबांच्या तोंडी ठरलेलं वाक्य असतं, "इंदूर म्हणजे आपलंच की! होळकरांचं गाव, मराठी माणसं, पोहेसुद्धा मिळतात." तेव्हा मुलाला न करमायला कारणच नाही, असा समज. मला तो सगळ्यांत फसवा वाटतो.

पोह्यांचंच घ्या. इंदुरी पोहे वाफेवर गरम ठेवतात. त्यांत बडीशेप आणि साखर, वरून शेव आणि जीरावन, बाजूला जिलबी. छान लागतात, वादच नाही. पण घरच्या कांदेपोह्यांची चव मनात धरून पहिला घास घेतला, की काहीतरी चुकतं. डोसा खाताना घर आठवत नाही, हे पोहे खाताना आठवतं. सकाळी कुकरची शिट्टी कधी होते, आंघोळीला आधी कोण घुसतं, आई कोणत्या सुरात हाक मारते, ओढ अशा गोष्टींची असते. गाव मराठी असल्यानं त्या मिळत नाहीत.

दुसरा समज अंतराचा. "रात्रीत पोचता येतं, यात रडायचं काय?" पण घराच्या ओढीला अंतर कळत नाही. १६८८ मध्ये योहानेस होफर या तरुणानं स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या विद्यापीठात याच दुखण्यावर वैद्यकीय प्रबंध लिहिला. घरी परतणं आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द त्यानंच घडवला. त्या प्रबंधात बर्नहून बाझेलला शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याची हकिकत आहे. अंतर जेमतेम शंभर किलोमीटर, म्हणजे इंदूर-खंडव्याहूनही कमी! मुलगा अंथरुणाला खिळला, आशा सुटली. शेवटी घरी न्यायला निघाले, तर वाटेतच त्याला उतार पडू लागला. 

मग मुलाला धीर देताना आपण म्हणतो, "नाहीच करमलं तर लगेच न्यायला येतो." यामागे माया आहे, पण नेमकं हेच वचन देऊ नये, असा सल्ला ख्रिस्तोफर थर्बर आणि एडवर्ड वॉल्टन यांनी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेसाठी २००७ मध्ये लिहिलेल्या अहवालात दिला आहे. ते वचन मिळालेलं मूल वसतिगृहात राहत नाही, नुसती वाट बघतं. घराबाहेर राहायची सवय आधी थोडी-थोडी करावी, असंही ते सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात आईबाबांशिवाय मामाकडे पाठवायचे, त्याचा हा उपयोग.

फोनबद्दल दोन टोकं आहेत. कुणी दर जेवणाला व्हिडिओ कॉल लावतं, कुणी म्हणतं महिनाभर फोनच नको. माझं मत ठरलेल्या वेळेच्या बाजूचं. आणि ती वेळ झोपायची नसावी. फोन ठेवल्यावर अंधारात एकटं पडायला नको.

"पहिला आठवडा काढला की संपलं," हेही खरं नाही. दिवाळीची सुट्टी संपवून आलं, की पुन्हा नव्यानं सुरू होतं. रविवारची संध्याकाळ वाईट, ताप आला तर आणखी वाईट. हे लाटांसारखं येतं-जातं, आणि येतं म्हणून मूल कच्चं ठरत नाही.

मात्र आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, क्लास बुडतोय, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येतेय, तर ते निव्वळ न करमणं नव्हे. तेव्हा टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा आहे, क्रमांक १४४१६. तिथे हिंदी आणि मराठीतही बोलता येतं. सामान बांधताना चिवड्याच्या डब्यासोबत हा क्रमांकही मुलाच्या फोनमध्ये घालून द्यावा.