कोर्टमार्शलचे कागद व खटला भरण्याचा अधिकार

अमेरिकेंतील कोर्टमार्शलचे कागद हातीं आले म्हणजे संग्राहक बहुधा साक्षी व निकाल एवढेंच पाहतात. परंतु खटला उभा करावा असें ठरविलें कोणी, हा प्रश्न आमच्या मतें त्याहून महत्त्वाचा होय. लष्करी न्याय व संघराज्याचा मुलकी न्याय यांच्यांतील अंतर तेथेंच सर्वांत अधिक काळ टिकलें.

१७९१ च्या पांचव्या घटनादुरुस्तीनें गंभीर गुन्ह्याचा आरोप ग्रँड जूरीनें ठेवावा असा दंडक घातला. परंतु भूदल व नौदल यांतील प्रकरणें त्यांतून वगळलीं. मुलकी आरोपी व सरकार यांच्यामध्यें नागरिकांची सभा उभी राहिली. शिपायाचें भवितव्य मात्र सेनाधिकाऱ्याच्या हातीं राहिलें.

१९५० ची लष्करी न्यायसंहिता ३१ मे १९५१ पासून अमलांत आली. तिच्या ३६ व्या कलमान्वयें संघराज्याच्या जिल्हा न्यायालयांतील पुराव्याचे नियम शक्य तेथवर कोर्टमार्शलला लावावयाचे होते. ३२ व्या कलमानें पूर्वचौकशीही ठेविली. पण तिचा निष्कर्ष सेनाधिकाऱ्यास बांधून घेत नसे. सारांश, न्यायसभेंतील रीत मुलकी झाली, तरी तिचें दार लष्करीच राहिलें.

संघराज्याच्या सरकारी वकिलांसाठीं १९८० सालीं तत्त्वें ठरलीं. गुन्ह्याचा संशय पुरेसा नव्हे. ग्राह्य पुराव्यावर दोषसिद्धि होऊन ती टिकण्याचा संभव असला पाहिजे, हा त्यांतील मुख्य विचार. १ जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या सुधारणेंत, ३३ व्या कलमाखालीं, लष्करी गरजा सांभाळून हींच तत्त्वें विचारांत घ्यावीं असें मार्गदर्शन आलें. तें सल्ल्यापुरतेंच होतें. त्यानंतरच्या कायद्यानें, २७ डिसेंबर २०२३ नंतर घडलेल्या खून, बलात्कार इत्यादि गुन्ह्यांत हा निर्णय सेनाधिकाऱ्याकडून काढून विशेष लष्करी अभियोक्त्याकडे सोंपविला.

तथापि दोन्ही पद्धति एक झाल्या नाहींत. मुलकी न्यायालयांत १२ जूरर एकमत व्हावे लागतात. देहान्तशिक्षेचा प्रश्न नसलेल्या सर्वसाधारण कोर्टमार्शलमध्यें २०१९ पासून ८ सदस्यांपैकीं तीनचतुर्थांश पुरतात.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, साक्षींच्या बंदांपासून आरोपपत्र वेगळें करूं नये. खटला न्यायसभेकडे पाठविणाराची सही त्यावर असते. ती हरवली तर निकाल वाचतां येईल, पण त्यामागील सत्ता कोणाची होती हें कळणार नाहीं.