चाकांवरच्या बिऱ्हाडामागची मोटार

मैत्रिणींनो, अमेरिकेत लेकीकडे गेलात, की रस्त्यावर मोटरहोम दिसतंच. अहो, चाकांवरचं बिऱ्हाडच ते! मागे छोटी मोटार जोडलेली असते. मुक्कामी बाजारहाटाला, फिरायला उपयोगी. जावईबापूंनी अशी सहल काढली, तर निघण्यापूर्वी आपणही एक फेरी मारावी.

मोटार चारही चाकांवर ओढलेली चालते का, हे तिच्या पुस्तिकेत आधी पाहावं. सगळ्यांना ते चालत नाही, गिअरबॉक्स बिघडतो. हँडब्रेक सोडलेला हवा. जोडदांड्याच्या खिळी पक्क्या बसल्यात ना?

कडी लावली तरी आपण कुलूप घालतोच ना? तशाच दांड्याखालून दोन साखळ्या, एकमेकींना छेद देऊन. दांडा निखळलाच तर झोळीत पडावा तसा अडतो. साखळ्या वळणावर ताणू नयेत, रस्त्याला घासूही नयेत. मोटार सुटली तर तिचे ब्रेक आपोआप लावणारी तारही जोडलेली हवी. मागचे दिवे एकीने उभं राहून तपासावेत.

थोडं अंतर गेल्यावर थांबून पुन्हा सगळं पाहावं. ओढलेल्या मोटारीत मुलांना मुळीच बसवू नये.

पाच-दहा मिनिटं मोडतात खरी. पण मागून येणाऱ्या गाडीतही कुणाची तरी लेकरं असतात, नाही का?