औष्णिक प्रकाशातील सहसंबंध आणि विभेदनक्षमता

प्रस्तावना : विठ्ठलवाडीच्या शेजारचेच स्थानक असलेल्या कल्याण येथे 1965 साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली सूर्याच्या अभ्यासासाठी रेडिओ दुर्बीण उभारली. तीत 1.8 मीटर व्यासाच्या 32 तबकड्या होत्या. सुमारे 49 सेंटिमीटर तरंगलांबीस अशा एका तबकडीची विभेदनक्षमता साधारण 15 अंश भरते. सूर्यबिंब मात्र अर्ध्या अंशाचे! तबकड्या पूर्व-पश्चिम 630 मीटर अंतरात मांडून त्यांचे संकेत एकत्र केल्याने ती 3 कोनीय मिनिटांच्या आत आली. तात्पर्य, सूक्ष्म दर्शन ग्राहकाच्या आकारापेक्षा ग्राहकांमधील अंतरावर अवलंबून असते.

अडचण : संकेत एकत्र करताना लाटांची प्रावस्था तरंगलांबीच्या अल्पांशापर्यंत जपावी लागते. रेडिओ लहरींसाठी हे साध्य आहे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे अर्धा मायक्रोमीटर असल्याने ते अत्यंत कठीण ठरते.

तीव्रतेचा मार्ग : निलगिरीतील अरुवनकाडू येथे जन्मलेले रॉबर्ट हॅनबरी ब्राऊन आणि रिचर्ड ट्विस यांनी प्रावस्थेऐवजी तीव्रतेतील चढउतारांची तुलना केली. औष्णिक स्रोतातील अणू स्वतंत्रपणे प्रकाश सोडतात. त्या असंख्य लाटांची बेरीज क्षणोक्षणी बदलते व तीव्रता अस्थिर राहते. जवळच्या दोन ग्राहकांवर हे चढउतार बरोबरीने होतात; अंतर वाढवीत नेल्यास सहसंबंध क्षीण होतो. स्रोताचा कोनीय व्यास जितका मोठा, तितका तो लवकर क्षीण होतो. म्हणून या अंतरावरून ताऱ्याचा व्यास काढता येतो. येथे मार्गांच्या लांबीत काही सेंटिमीटरांची तफावतही चालते, आणि वातावरणाच्या अस्थिरतेचा उपद्रव फारसा होत नाही.

या कल्पनेस तीव्र विरोध झाला. स्वतंत्र फोटॉन एकमेकांशी संबंधित कसे असतील, असा आक्षेप होता. कॅनडा व हंगेरीतील प्रयोगांत परिणाम आढळला नाही. त्या प्रयोगांची संवेदनशीलताच अपुरी होती, हे पुढे स्पष्ट झाले. तर 1956 मध्ये एडवर्ड पर्सेल यांनी हा परिणाम क्वांटम सिद्धांताशी सुसंगत असल्याचे दाखविले. त्याच वर्षी व्याध ताऱ्याचा व्यास मोजला गेला. पुढे ऑस्ट्रेलियातील नॅराब्री येथे 188 मीटरपर्यंतच्या अंतराने 32 ताऱ्यांचे व्यास निश्चित झाले.

मर्यादा व निष्कर्ष : प्रावस्था गमावल्याने या पद्धतीत प्रतिमा थेट मिळत नाही, आणि संकेत क्षीण असल्याने तेजस्वी तारे व दीर्घ निरीक्षण लागते. तथापि, 2020 मध्ये व्हेरिटास दुर्बिणींनी हीच पद्धत वापरून दोन ताऱ्यांचे व्यास मोजले. ज्या चढउतारांना गोंगाट समजून वगळले जाते, त्यांतच स्रोताच्या आकाराची माहिती दडलेली असते, हे प्रकाशिकी शिकविताना विद्यार्थ्यांसमोर आवर्जून मांडणे आवश्यक आहे.