वॉर्म-अपची वीस मिनिटं कोचच्या हातात

1973 साली वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज डेनिस लिली याच्या कंबरेच्या मणक्यांना बारीक तडे गेले. गोलंदाजी संपली, असं अनेकांना वाटलं. पर्थच्या विद्यापीठातले व्यायामशास्त्रज्ञ फ्रँक पाइक यांनी त्याला स्नायू बळकट करणारा काटेकोर व्यायाम आखून दिला आणि 1974-75च्या ॲशेस मालिकेत लिली पुन्हा इंग्लंडवर तुटून पडला. हाच लिली 1987 मध्ये तेव्हाच्या मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, वेगवान गोलंदाज घडवणाऱ्या एमआरएफ पेस फाउंडेशनचा मार्गदर्शक झाला. जवागल श्रीनाथ तिथलाच, आणि आपला श्रीरामपूरचा झहीर खानही.

दुखापतीच्या बाबतीत चेन्नईत जाणकारांची कमी नाही. पोरूरच्या श्रीरामचंद्र संस्थेतल्या प्रयोगशाळेला गोलंदाजीची शैली तपासण्यासाठी 2014 मध्ये आयसीसीची मान्यता मिळाली. पण याच शहराच्या उत्तरेला व्यासरपाडी आहे, फुटबॉलच्या वेडापायी ‘मिनी ब्राझील’ म्हणून ओळखली जाणारी कष्टकऱ्यांची वस्ती. अशा वस्त्यांमधल्या मैदानांवर फिजिओ नसतो. असतो तो कोच, आणि त्याच्याभोवती पोरांचा घोळका.

या मुलांच्या कामाची गोष्ट विज्ञानाने केव्हाच शोधून ठेवली आहे. ‘फिफा 11+’ हा फुटबॉल खेळणाऱ्यांसाठीचा पंधरा व्यायामांचा, वीस मिनिटांचा वॉर्म-अप. नॉर्वेतल्या 125 क्लबांच्या, 13 ते 17 वयाच्या 1,892 मुलींवर तो आठ महिने पारखला गेला. निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. वॉर्म-अप करणाऱ्या गटात एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्या, गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. इतकं स्वस्त औषध क्रीडावैद्यकात क्वचितच सापडतं.

चेन्नईत सकाळी सहालाच अंगाला घाम सुटतो. तेव्हा ‘अंग तापलेलंच आहे, करा सुरू’ असं कोचला वाटणं स्वाभाविक आहे. पण हे व्यायाम नुसते घाम काढण्यासाठी नाहीत. हेडरसाठी उडालेली मुलगी एका पायावर उतरते तेव्हा गुडघा आत कलला, की सांध्यातलं लिगामेंट क्षणात तुटू शकतं. गुडघा पावलाच्या रेषेत ठेवून उतरायची सवय मेंदूला आणि स्नायूंना लावावी लागते, आणि ती आठवड्यामागून आठवडे करूनच लागते. मांडीच्या मागच्या स्नायूचा व्यायामही तसाच. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे घट्ट धरायचे आणि पाठ ताठ ठेवून जमेल तितकं सावकाश पुढे झुकायचं. सुरुवातीला मुलं धपकन हातांवर पडतात. सरावाने तोल सावरता येतो, तसतसा स्नायू चिवट होत जातो.

म्हणूनच नियमितपणाला मोल आहे. नॉर्वेच्या त्याच अभ्यासात सर्वांत नेमाने व्यायाम करणाऱ्या मुलींना, मध्यम नेमाने करणाऱ्यांपेक्षा दुखापतीचा धोका 35 टक्क्यांनी कमी होता. नेम कुणाच्या संघात टिकला, हेही संशोधकांनी तपासलं. हे सगळं वेळखाऊ आहे असं ज्या कोचला वाटत होतं, त्याच्या संघात टाळाटाळ जास्त होती. ज्यांनी पूर्वी असे व्यायाम घेतले होते, त्यांच्या खेळाडूंना दुखापती कमी झाल्या. थोडक्यात, मुलीच्या गुडघ्याचं भवितव्य बऱ्याच अंशी कोचच्या मतावर ठरत होतं.

कोचला दोष देणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. तासाभराच्या सरावातली वीस मिनिटं मागितली तर तो हिशेब मांडणारच. शिवाय न झालेली दुखापत डोळ्यांना दिसत नाही, हरलेला सामना मात्र सगळ्यांना दिसतो.

त्याला हातात कागद देऊन भागत नाही, मैदानावर शिकवावं लागतं. शिकागोच्या सरकारी शाळांमध्ये हे करून पाहिलं गेलं, तेही मुख्यतः गरीब घरांतल्या मुलींसाठी. 90 कोच आणि 1,492 खेळाडूंच्या त्या अभ्यासात एका गटाच्या कोचना दोन तासांचं प्रशिक्षण दिलं. त्यांच्या संघांत पायांच्या दुखापती कमी झाल्याचं 2011 मध्ये प्रसिद्ध झालं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वेळेची अडचणही मनावर घेतली. ताकदीचे व्यायाम त्यांनी वॉर्म-अपमधून उचलून सरावाच्या शेवटी नेले. संघांनी ते अधिक नेमाने केले आणि गंभीर दुखापतीही घटल्या. कोचची तक्रार ऐकून घेतल्याचा हा फायदा.

तमिळनाडूचं क्रीडा विकास प्राधिकरण दर उन्हाळ्यात मुलांसाठी शिबिरं भरवतं. महाराष्ट्रातही एप्रिल-मेमध्ये मैदानं शिबिरांनी फुललेली असतात. मुलं येण्याआधी कोचसाठी दोन तास राखून ठेवणं कुठल्याच आयोजकाला जड जाऊ नये. त्या दोन तासांत कोचने स्वतः उडी मारून एका पायावर उतरून पाहावं. महिन्याभराने जाणकाराने मैदानावर येऊन मुलांचे गुडघे उतरताना आत कलतात का, हे कोचसोबत उभं राहून तपासावं. जाणकाराचं मानधन शिबिराच्या अंदाजपत्रकात आधीच धरायला हवं.