खडकाचे वाहणे

काकवी पाण्यापेक्षा सावकाश ओघळते, हे घरोघरी ठाऊक आहे. वाहण्यास होणाऱ्या या अटकावास शास्त्रात श्यानता म्हणतात. भूकवचाखाली सुमारे २९०० किलोमीटर जाडीचे प्रावरण घन खडकाचेच आहे. तथापि लाखो वर्षांच्या हिशेबात तेही वाहते.

याचा पडताळा स्कँडिनेव्हियात मिळतो. हिमयुगातील बर्फाच्या भाराने तेथील भूमी खचली होती. बर्फ वितळून हजारो वर्षे लोटली, तरी बॉथ्नियाच्या आखाताकाठी ती अजून वर्षाला सुमारे १ सेंटिमीटर वर येत आहे. अशा उत्थानावरूनच १९३५ साली हॅस्केल यांनी प्रावरणाची श्यानता काढली. पाण्याच्या श्यानतेशी तुलना करता ती एकावर चोवीस शून्ये इतकी पट भरते!

खोलवरचा तप्त खडक हलका होऊन वर चढतो, निवालेला जड होऊन खाली जातो; हेच अभिसरण. पृष्ठभागाजवळ खडक थंड, म्हणून फार ताठ. हा थर अभंग राहता तर मंगळाप्रमाणे पृथ्वीवरही एकच झाकण बसले असते. परंतु दुर्बल जागी तो तुटतो व त्याचे भूपट्ट होतात. थंड पट्टाची कडा प्रावरणात बुडते आणि मागील भागास ओढून नेते.

आपला भारतीय पट्टही वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेस सरकत आशियास रेटतो आहे. २००१ साली भूजला झालेला भूकंप याच ताणाचा. हे रेटणे थांबविणे आपल्या हाती नाही; घरे व शाळा भूकंपास टिकतील अशा बांधणे मात्र आहे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.